वाचकांचे प्रश्न : पडद्यावरचा पन्हाळा, वर्गातला इतिहास

शाळेतील टीव्ही, प्रोजेक्टर आणि मोबाइल यांच्या साहाय्याने आपल्या भागाचा इतिहास कसा शिकवावा, याविषयी गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे थोडक्यात दिली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून छापलेली नाहीत. कोल्हापुरात बरीच वर्षे इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या माणसाची ही उत्तरे आहेत, तंत्रज्ञाची नाहीत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

प्रश्न : मी शाहूवाडी तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते. शाळेला लोकवर्गणीतून मोठा टीव्ही मिळाला आहे, पण इंटरनेटचा भरवसा नाही. पन्हाळ्याचा वेढा आणि पावनखिंड हा भाग शिकवताना मी पेन ड्राइव्हवर आणलेला चाळीस मिनिटांचा माहितीपट दाखवला. मुले अगदी शांत बसली होती. दुसऱ्या दिवशी विचारले, तर पार्श्वसंगीत आणि घोड्यांच्या टापा यांपलीकडे कोणाला काही सांगता येईना. माझे काय चुकले?

उत्तर : बाई, आपली मुले शांत बसली, याचाच आपण थोडा संशय घ्यायला हवा होता. चौथीचा वर्ग चाळीस मिनिटे गप्प बसतो, तेव्हा तो शिकत असतो असे नाही. बहुधा तो केवळ पाहत असतो. माहितीपट वाईट होता असे मी म्हणणार नाही, परंतु त्यात प्रश्न आणि उत्तर दोन्ही निवेदकानेच सांगून टाकलेले असतात, आणि मुलांच्या वाट्याला माना डोलावण्यापलीकडे काम उरत नाही.

आपल्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट घडली आहे. विशाळगड आणि पावनखिंड ही दोन्ही ठिकाणे आपल्याच तालुक्यात आहेत. ज्या डोंगरांच्या कुशीत आपली मुले पावसाळ्यात गुरे राखतात, ज्या चिखलातून शाळेला येतात, तोच प्रदेश त्या माहितीपटात एखाद्या परक्या मुलखासारखा दाखवला गेला, आणि मुलांनीही तो परका मानून पाहिला. आपल्याकडे असलेले सर्वांत मोठे साधन टीव्ही नसून मुलांना असलेली त्या वाटेची ओळख हे आहे. टीव्हीने त्या ओळखीला फक्त मदत करायची आहे.

मी असे करून पाहीन. शहरात किंवा तालुक्याच्या गावी नेट मिळेल तेव्हा उपग्रह नकाशावरील पन्हाळा, विशाळगड आणि त्यांच्या वाटेवरचे मसाई पठार व पांढरेपाणी दिसतील अशी चार-पाच चित्रे उतरवून घ्यावीत आणि पेन ड्राइव्हवर घालून आणावीत. पहिले चित्र पडद्यावर ठेवून आवाज, निवेदन काहीही न देता एकच प्रश्न विचारावा : पन्हाळ्यावरून रात्री निघून विशाळगडाला पोहोचायचे आहे, तर कोणत्या बाजूने जाल आणि का? मुले भांडतील, पठार उघडे आहे म्हणून नको म्हणतील, ओढ्याला पाणी असेल म्हणतील. ते भांडण पंधरा मिनिटे चालू द्यावे. आषाढ पौर्णिमेची रात्र होती, म्हणजे चंद्र होता. पण आषाढात आपल्या भागात चंद्र कितीसा दिसतो, हे त्या मुलांइतके पुण्या-मुंबईच्या मुलांना सांगता येणार नाही. आपल्याच शाळेच्या व्हरांड्यात उभे राहून मोबाइलवर मिनिटभर धो-धो पावसाचा आवाज मुद्रित करून ठेवला, तर तो कोणत्याही विकतच्या पार्श्वसंगीतापेक्षा अधिक उपयोगी पडतो. तो लावून एका मुलाला दुसऱ्या टोकाच्या मुलाला निरोप सांगायला लावावा. निरोप पोहोचत नाही, हे कळले की पालखी, मशाली आणि पाठलाग यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

दुसऱ्या तासिकेला पन्हाळ्यावरील अंबरखान्याचे छायाचित्र दाखवावे. गंगा, यमुना आणि सरस्वती अशा नावांची ही तीन धान्यकोठारे पाहिली की वेढा मार्चपासून जुलैपर्यंत कसा टिकला, हा प्रश्न आपोआप येतो, आणि मग धान्य होते तर गड सोडावा का लागला, हा त्याहून चांगला प्रश्न येतो. तेथे राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांची गोष्ट सांगावी. हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याचे सहकारी वेढा घालणाऱ्या सिद्दी जौहरच्या मदतीला तोफगोळे घेऊन आले होते, आणि पुढच्याच वर्षी, १६६१ मध्ये, शिवाजी महाराजांनी राजापूरवर चालून जाऊन त्यांना कैद केले. इंग्रजांचा उल्लेख आला की मुले चमकतात, कारण इंग्रज फार पुढे आले असा त्यांचा समज असतो.

माहितीपटाचे काय करावे? टाकून देऊ नये. त्यातील घोडखिंडीच्या, म्हणजेच पावनखिंडीच्या, लढाईची तेवढी दोन मिनिटे अगदी शेवटी दाखवावीत, आणि त्याआधी मुलांना एक काम द्यावे : यातले काय कोणी लिहून ठेवले असेल आणि काय दिग्दर्शकाने आपल्या मनाने घातले असेल? शक्य झाल्यास दुसऱ्या एखाद्या चित्रफितीतील तोच प्रसंग किंवा एखाद्या शाहिराच्या पोवाड्यातील तेवढाच तुकडा शेजारी ठेवावा. चित्रफितीगणिक मावळ्यांची संख्या बदलते, हे मुलांनी स्वतः मोजून काढले, तर इतिहासात पुरावा म्हणजे काय, याचा पहिला धडा चौथीतच होऊन जातो. जुलै २०२५ मध्ये पन्हाळ्यासह मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्यापासून अशा चित्रफितींचा सुकाळ झाला आहे, त्यामुळे तुलनेसाठी सामग्री कमी पडणार नाही. उलट निवडताना आपलीच दमछाक होईल.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. ऐतिहासिक मालिका पाहून तो पुस्तकातील मजकूर चुकीचा ठरवतो. शाळेतही चित्रपटातील प्रसंग दाखवले जातात. हे थांबवावे का? शिवाय असे प्रसंग वर्गात दाखवणे कायद्याला धरून आहे का?

उत्तर : थांबवू नये, मुलगा दोन साधनांची तुलना करतो आहे, ही चांगली गोष्ट आहे. त्याला फक्त एवढे विचारावे की, पुस्तकाच्या लेखकाने हे कशावरून लिहिले आणि मालिकेच्या लेखकाने ते कशावरून दाखवले. राज्य मंडळाच्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात प्रसारमाध्यमे आणि मनोरंजनाची माध्यमे यांवर स्वतंत्र पाठ आहेत; पण हा विचार दहावीपर्यंत थांबवून ठेवण्याचे कारण नाही.

कोल्हापूरच्या मुलांना तर हे समजावणे सर्वांत सोपे असले पाहिजे, कारण पडद्यावरचा इतिहास सुरुवातीच्या काळात घडला तो आपल्याच गावात. बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० मध्ये पौराणिक ‘सैरंध्री’ आणि पुढे १९२३ मध्ये ऐतिहासिक ‘सिंहगड’ पडद्यावर आणला. ते मुळात चित्रकार आणि नाटकांचे पडदे रंगवणारे कलावंत होते. तेव्हा गडाचा दरवाजा, मावळ्याची पगडी, दरबाराची मांडणी हे सर्व एका कलावंताच्या नजरेतून उतरले, आणि आजही आपल्या डोळ्यांसमोर उभा राहणारा ‘शिवकाल’ किती प्रमाणात बखरीतला व किती प्रमाणात रंगशाळेतला, हा प्रश्न मुलाला विचारून पाहावा. ऐतिहासिक चित्रपट दोन काळांची साक्ष देतो : एक, ज्या काळाची कथा त्यात आहे त्याची, आणि दुसरी, ज्या काळात तो काढला गेला त्याची. माझ्या मते दुसरी साक्ष अधिक भरवशाची असते.

कायद्याविषयी थोडक्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात शैक्षणिक संस्थेसाठी सवलत आहे. शिक्षक, विद्यार्थी आणि पालक एवढ्याच प्रेक्षकांपुढे, शाळेच्या कामकाजाचा भाग म्हणून चित्रपट दाखवता येतो. तोच तुकडा कापून शाळेच्या चॅनेलवर चढवणे मात्र या सवलतीत बसते असे समजू नये. चित्रपटाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, त्यामुळे मूकपटांच्या काळातील दृश्यांबद्दल ही चिंता नाही.

प्रश्न : मी शहरातील एका माध्यमिक शाळेत आहे. दरवर्षी २६ जूनला शाहू महाराजांच्या प्रतिमेला पुष्पहार घातला जातो, भाषणे होतात, एक चित्रफीत दाखवली जाते आणि मुले ‘आरक्षणाचे जनक’ एवढे पाठ करून घरी जातात. यापलीकडे काय करता येईल?

उत्तर : पुष्पहार राहू द्यावा. चित्रफितीऐवजी मात्र एक कागद पडद्यावर आणावा : करवीर सरकारच्या, म्हणजे कोल्हापूर संस्थानच्या, गॅझेटमधील २६ जुलै १९०२ चा आदेश. शाहू महाराजांविषयीच्या अनेक ग्रंथांत तो छापलेला आहे. त्या पानाचे मोबाइलने स्वच्छ छायाचित्र काढले तरी पुरते. एक कागद पाऊणतास पडद्यावर ठेवणे म्हणजे काय ‘मल्टिमीडिया’, असे कोणी म्हणेल. माझ्या अनुभवात मोठ्या पडद्याचा सर्वांत चांगला उपयोग हाच आहे की, चाळीस मुले एकाच कागदातील एकाच ओळीवर एकाच वेळी बोट ठेवू शकतात.

आदेश वाचताना मुलांना तीन गोष्टी शोधायला सांगाव्यात. पहिली, रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा, म्हणजे ५० टक्के, मागासवर्गीयांनी भराव्यात असे म्हटले आहे. दुसरी, मागासवर्ग म्हणजे कोण, हे कोणाला वगळून सांगितले आहे ते पाहावे : ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सर्व. तिसरी गोष्ट मला स्वतःला फार मोलाची वाटते, आणि भाषणांत ती कधीच येत नाही. प्रत्येक खात्याच्या प्रमुखाने केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी सादर करावा, असे आदेशात लिहिले आहे. म्हणजे आदेश काढणाऱ्याला तो कागदावरच राहील ही भीती होती, आणि त्यावर उपायही त्याच कागदात होता. नववी-दहावीच्या मुलांना असा एक कोरा तक्ता वहीत आखायला सांगावे आणि त्यात कोणते रकाने असतील हे ठरवू द्यावे. राज्यकारभार म्हणजे काय, हे त्या रकान्यांतून जितके समजते तितके जयंतीच्या भाषणातून समजत नाही.

मग एक गंमत विचारावी : हा आदेश निघाला तेव्हा महाराज कुठे होते? ते इंग्लंडमध्ये होते. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी गेले होते. ज्या साम्राज्याच्या सोहळ्याला संस्थानिक निघाला, त्याच वेळी त्याच्या संस्थानात जुनी मक्तेदारी मोडणारा कागद निघाला. यावर वर्गात चर्चा करावी, निष्कर्ष आपण काढून देऊ नये.

याच सूत्राने पुढे जाता येते. दसरा चौकात मुलांना नेऊन प्रत्येक गटाने त्या परिसरातील एका वसतिगृहाची इमारत, तिच्यावरील पाटी आणि कोनशिला यांची छायाचित्रे काढावीत. वर्गात परतल्यावर ती काळानुक्रमे लावावीत. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरू झालेली ही साखळी कोणकोणत्या समाजांपर्यंत गेली, हे भिंतीवर टाचण्यांनी लावलेल्या छायाचित्रांतून दिसू लागते. १९१७ चा सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय, १९२० च्या मार्चमधील माणगाव परिषद आणि तेथे डॉ. आंबेडकरांची उपस्थिती, हे टप्पे त्याच भिंतीवर चढतात. राधानगरीसाठी तर नवीन चित्रफीत करायलाच नको. दर पावसाळ्यात धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी मुले मोबाइलवर पाहतात. तीच पंधरा सेकंदांची चित्रफीत वर्गात लावावी आणि भोगावतीवरचे हे धरण कोणी, कोणत्या काळात, कोणाच्या शेतीसाठी बांधायला घेतले आणि ते पूर्ण व्हायला महाराजांच्या निधनानंतरही इतकी वर्षे का लागली, असे विचारावे. मुलांच्या हातातील मोबाइलवर आधीच असलेल्या दृश्याला मागे खेचून इतिहासापर्यंत नेणे, हे मला नव्या दृश्याची भर घालण्यापेक्षा नेहमीच फलदायी वाटले आहे.

प्रश्न : शाहू महाराजांची आणि जुन्या कोल्हापूरची रंगीत, हलणारी छायाचित्रे सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. ती कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेली असतात असे समजते. वर्गात वापरावीत का?

उत्तर : मूळ कृष्णधवल छायाचित्र शेजारी असेल तरच वापरावीत. फेट्याचा जो रंग आपल्याला दिसतो, तो संगणकाचा अंदाज आहे. ओठांची हालचाल तर अंदाजही नाही, शुद्ध कल्पना आहे. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून ‘यात काय नव्याने आले?’ एवढे विचारले, तर ते पाच मिनिटांचे चांगले काम होते. मूळ चित्र मिळत नसेल, तर पुढे पाठवू नये आणि वर्गातही आणू नये.

प्रश्न : आमच्या संस्थेकडे आभासी वास्तवाचे चष्मे विकण्यासाठी एक विक्रेता आला होता. किल्ले ‘आतून’ दाखवतो म्हणतो. मुख्याध्यापक म्हणून मी काय निर्णय घ्यावा?

उत्तर : आपली शाळा करवीर तालुक्यात आहे, असे आपण लिहिले आहे. पन्हाळा आपल्यापासून सुमारे २० किलोमीटरवर आहे. चष्म्यांच्या पैशांत किती वेळा एसटी ठरवता येईल, याचा हिशेब आपणच मांडावा. जे मूल अंथरुणाला खिळून आहे किंवा ज्याला गड चढता येत नाही, त्याच्यासाठी असा एखादा चष्मा मागवावा. त्याला मी मनापासून दुजोरा देईन. बाकीच्यांनी तीन दरवाजाची कमान आणि अंधारबावीतील गारवा अंगावर घ्यावा.

पैसे खर्च करायचेच असतील, तर एक बरा ध्वनिवर्धक आणि खिडक्यांना जाड पडदे घ्यावेत. पडद्यावर ऊन पडल्यामुळे दिसेनासे झालेले तास मी इतके पाहिले आहेत की, या सल्ल्यात माझा थोडा राग मिसळला आहे हे मान्य करतो. सहलीच्या आधी वर्गात काय दाखवायचे, याचे एक उदाहरण देतो. कोल्हापुरातील ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची लहानशी रोमन कांस्यमूर्ती टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आहे. आदल्या दिवशी तिचे छायाचित्र नाव न सांगता पडद्यावर ठेवावे, आणि हा कोण असावा याचा तर्क मुलांना करू द्यावा. कोणी शंकर म्हणेल, कोणी साधू. दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष मूर्तीसमोर उभे राहून समुद्राचा देव पंचगंगेच्या काठी कसा आला, हे विचारावे. म्हणजे सातवाहन काळातील व्यापाराचा धडा त्या काचेच्या कपाटासमोरच उघडतो. संग्रहालयात छायाचित्र काढण्याआधी परवानगी अवश्य घ्यावी.

प्रश्न : मुलांना आजी-आजोबांच्या आठवणी मोबाइलवर मुद्रित करायला सांगितल्या, पण आलेल्या फितींत पंख्याचा आवाज आणि ‘हो’, ‘नाही’ एवढेच आहे. काही मुलांनी तर उत्तरेही स्वतः शुद्ध भाषेत पुन्हा बोलून पाठवली. हे काम कसे करवून घ्यावे?

उत्तर : पंखा बंद करावा, मोबाइल घडी घातलेल्या टॉवेलवर आजीच्या जवळ ठेवावा आणि हातात धरू नये, निम्मे काम एवढ्यानेच होते. मुद्रण सुरू करताना मुलाने तारीख, गाव आणि कोण बोलत आहे हे स्वतःच्या आवाजात सांगावे, कारण सहा महिन्यांनी फाइलच्या नावावरून काहीही कळत नाही. त्याआधी, हे वर्गात ऐकवले जाईल, चालेल का, असे विचारून आजीचा होकारही त्याच फितीत घ्यावा. तो होकार नसेल तर ती आठवण घरातच राहावी.

‘तुमच्या वेळी पूर आला होता का?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी हातात एखादी वस्तू द्यावी किंवा भिंतीवरची पाण्याची खूण दाखवावी आणि ‘ही खूण उमटली त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं, ते सांग’ असे म्हणावे, आणि मग गप्प राहावे. मुलांना गप्प राहणे शिकवणे कठीण आहे, आपल्यालाही ते फारसे जमत नाही. आपल्या जिल्ह्यात २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर जवळपास प्रत्येक नदीकाठच्या घरात आठवतात, त्यामुळे सुरुवातीला हा विषय सोपा पडतो. आठवणी हमखास एकमेकांत मिसळतात. कोणी २०१९ मधील प्रसंग २०२१ मध्ये सांगतो. ही चूक समजून खोडू नये. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरली जाते; त्या दिवसांच्या वर्तमानपत्रांत रोजचे आकडे छापलेले असतात. ‘पाणी देव्हाऱ्यापर्यंत आलं’ हे आजीचे वाक्य आणि वर्तमानपत्रातील त्या दिवसाचे फूट व इंच यांना शेजारी ठेवून, दोन्हींतून काय कळते आणि कोणत्या गोष्टी आकड्यात मावत नाहीत, याची चर्चा व्हावी.

भाषेविषयी माझा आग्रह आहे. आजीचे बोलणे मुलाने शुद्ध करून सांगू नये. ‘आलतं’, ‘गेलतं’, ‘काय सांगू बाळा’ हे जसेच्या तसे राहावे, कारण आपल्या प्रदेशाचा इतिहास त्या उच्चारांतही आहे. लिहून काढतानाही तेच शब्द लिहावेत. अर्थ लागत नसेल तर वर्गात त्याचा अर्थ शोधावा. पिकांची, अवजारांची आणि तालमीतल्या डावांची कितीतरी नावे अशाच फितींतून वर्गात येतात, आणि त्यांपैकी काही शिक्षकालाही नवी असतात.

शेवटची सूचना शिक्षकांसाठी आहे. पाणवठा, देऊळ, लग्न, जमीन यांच्या आठवणी काढताना जातीचे आणि अपमानाचे प्रसंग येतात. एका मुलाच्या आजोबांनी गावच्या विहिरीविषयी बोलायला सुरुवात केली आणि मध्येच ते थांबले, अशी एक फीत माझ्याकडे आली होती. मुलाने पुढचा प्रश्न विचारला नाही; जवळजवळ मिनिटभर फक्त भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते, आणि मग आजोबा ‘बंद कर आता’ म्हणतात. मी ती फीत वर्गात लावली नाही. मुलाला मात्र तू योग्य वेळी थांबलास, असे सांगितले आणि फीत त्याच्या घरी परत पाठवली.